मोबाईलमधल्या दुकानाची पाटी कोण वाचतं?



आजचा पाठ पुस्तकातला नाही, पण पुस्तक मिटल्यावर मुलं ज्या दुकानात जाऊन बसतात त्या दुकानाबद्दलचा आहे. ते दुकान महाद्वार रोडवर नाही, राजारामपुरीतही नाही. ते तुमच्या खिशात आहे.

आधी रस्त्यावरच्या दुकानापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असली पाहिजे असा कायदा आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांना आधी त्यातून सूट होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती गेली. मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असंही त्यात आलं. काही व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि वकिलांवर खर्च करण्यापेक्षा पाट्या बनवा, अशा अर्थाचं सुनावलं. ही बातमी बहुतेकांना आठवत असेल.

याच दुरुस्तीतली एक गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. जिथे दारू विकली जाते त्या दुकानाला थोर व्यक्तींचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येणार नाही, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे कायद्याने दुकानदाराला एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या. पाटी कोणत्या भाषेत हवी ही एक आणि पाटीवर काय चालणार नाही ही दुसरी. एक भाषेचा नियम, दुसरा मजकुराचा.

आता खिशातल्या दुकानाकडे वळा. प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर, संगणकावर खेळणाऱ्यांसाठी स्टीम. इथे खेळ विकले जातात, काही फुकट मिळतात आणि फुकट मिळालेल्या खेळाच्या आत पुन्हा दुकान असतं. या दुकानांना भाषेचा आणि मजकुराचा नियम कोण लावतं? लावला तर ती ऐकतात का?

ऐकतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जर्मनीचं आहे, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने हिटलरच्या पक्षाची चिन्हं उघडपणे वापरण्यावर बंदी घातली. त्यांच्या दंडसंहितेत ८६ अ नावाचं कलम आहे. स्वस्तिकासारखं त्या पक्षाचं चिन्ह जाहीरपणे दाखवणं हा गुन्हा. (मुलांना हे शिकवताना एक खुलासा जरूर करा. आपल्या दारातल्या रांगोळीतलं स्वस्तिक आणि त्या झेंड्यावरचं चिन्ह यांचा अर्थ वेगळा आहे. हा प्रश्न वर्गात येतोच येतो.) कला, इतिहास, शिक्षण यांसाठी कायद्यात सवलत होती, त्यामुळे सिनेमात ती चिन्हं दिसायची. पण संगणकावरचा खेळ ही कला आहे असं तेव्हा कुणी मानत नव्हतं. वोल्फेनस्टाईन थ्री-डी नावाच्या १९९२ च्या खेळात खेळणारा नाझींविरुद्धच लढतो, तरीही १९९४ मध्ये तो जर्मनीत जप्त झाला.

मग कंपन्यांनी काय केलं? जर्मनीसाठी वेगळी आवृत्ती काढायला सुरुवात केली. याच मालिकेतला २०१७ चा खेळ बघा. बाकी जगात त्यात हिटलर आहे. जर्मन आवृत्तीत त्याच माणसाच्या मिशा काढल्या आणि त्याला हिटलरऐवजी ‘चॅन्सेलर हायलर’ करून टाकलं! हाफ-लाईफ नावाच्या दुसऱ्या एका खेळात रक्त सांडणारे सैनिक होते. जर्मन मुलांना त्यांच्या जागी यंत्रमानव मिळाले. हसू येतं, पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. कायदा स्पष्ट असेल आणि बाजार मोठा असेल तर कंपनी खेळाच्या आतलं चित्रसुद्धा बदलते. ‘आमचं अ‍ॅप जगभर सारखंच असतं’ हे वाक्य खरं नसतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये जर्मनांनी आपली भूमिका बदलली. सिनेमाला जी सवलत होती ती खेळांनाही लागू झाली, म्हणजे प्रत्येक खेळाचा संदर्भ पाहून निर्णय घ्यायचा. हिटलरच्या काळात बर्लिनमध्ये त्याला विरोध करणाऱ्या साध्या माणसांवर एका छोट्या जर्मन कंपनीने खेळ बनवला होता. त्यात ती चिन्हं दाखवायला परवानगी मिळाली. मला हे जास्त आवडलं. आंधळी बंदी सोपी असते. काय, कुणाला, कशासाठी दाखवलंय ते पाहून ठरवायला डोकं चालवावं लागतं.

पण आपल्या कामाची गोष्ट चिन्हांची नाही, वयाची आहे. जर्मनीत यूएसके नावाची संस्था १९९४ पासून खेळांना वयाचा शिक्का देते. ०, ६, १२, १६ आणि १८ असे पाच शिक्के आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल. एप्रिल २००२ मध्ये एरफुर्ट शहरातल्या एका शाळेत गोळीबार झाला, देश हादरला आणि त्यानंतर आलेल्या कायद्याने २००३ पासून हा शिक्का दुकानदारावर बंधनकारक झाला. लाल शिक्क्याचा खेळ अठराखालच्या मुलाला विकायचा नाही म्हणजे नाही.

हे झालं खोक्यातून विकल्या जाणाऱ्या खेळांचं. इंटरनेटवरच्या दुकानांना यात यायला बराच वेळ लागला. पण १५ नोव्हेंबर २०२४ पासून स्टीमने जर्मनीत नियम लावला की ज्या खेळाला वयाचा शिक्का नाही तो जर्मन ग्राहकाला दिसणारच नाही. खेळ बनवणाऱ्याने प्रश्नावली भरायची, त्यातून वय ठरतं, मग खेळ दिसतो. प्रश्नावली भरली नाही तर खेळ त्या देशापुरता दुकानातून गायब.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या मुलांशी थेट जोडलेली आहे. २०२३ पासून यूएसके फक्त रक्त आणि बंदुका मोजत नाही. खेळ पैसे कसे मागतो, मुलाला जास्त वेळ बसवून ठेवण्यासाठी काय युक्त्या करतो, नशिबाच्या पेट्या विकतो का, हेही मोजते. फुटबॉलचा एक प्रसिद्ध खेळ आहे, आधी फिफा नावाने यायचा, आता ईए स्पोर्ट्स एफसी नावाने येतो. त्यात ना रक्त ना बंदूक, म्हणून वर्षानुवर्षं त्याला शून्याचा शिक्का होता. २०२३ च्या आवृत्तीला बाराचा मिळाला. का? तर पैसे देऊन बंद पाकीट घ्यायचं आणि आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. आपल्या जत्रेतल्या चिठ्ठ्या आठवा, दहा रुपये द्या, चिठ्ठी उघडा, कंगवा नाहीतर घड्याळ. तेच इथे मोबाईलच्या पडद्यावर. आणि शिक्क्याखाली आकड्याबरोबर कारणही लिहिलेलं असतं, जर्मन भाषेत, दोन-चार साध्या शब्दांत. खेळाच्या आत खरेदी आहे. नशिबाच्या वस्तू आहेत. जास्त खेळण्याचा दबाव आहे. पाचवी-सहावी शिकलेल्या आजीलाही कळेल असं.

आता परत घरी येऊ.

आपल्याकडे असं काही झालंय का? झालंय, पण वेगळ्या पद्धतीने. आपण खेळ गाळून घेण्यापेक्षा बंद करण्याकडे जास्त वळलो. २०१९ मध्ये पबजीची एवढी धास्ती होती की गुजरातेत राजकोटला तो खेळताना सापडलेल्या तरुणांना अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयात तर अकरा वर्षांच्या एका मुलाने आईच्या मार्फत पबजी बंद करा म्हणून याचिका केली. (वाचून मला त्या मुलाचं कौतुकच वाटलं. आमच्या वर्गात असा एकही निघणार नाही!) २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजी बंद केला, पण मुलांच्या काळजीने नव्हे. चीनशी संबंध आणि देशाची सुरक्षा हे कारण होतं. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये तसाच गेला. त्याचंच भावंडं फ्री फायर मॅक्स राहिलं आणि पोरं संध्याकाळपर्यंत तिकडे पोचली.

पबजी जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने भारतासाठी वेगळा होऊन आला. रक्ताचा लाल रंग जाऊन हिरवा आला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये अटींवर परतला. अठराखालच्या मुलाला दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा तास, आणि लहान मुलाच्या खर्चावर रोजची मर्यादा. म्हणजे कंपनी भारतासाठीही बदलली. मिशा काढल्या तसं आपल्यासाठी रक्त हिरवं केलं.

तरी माझा प्रश्न तसाच राहतो. तीन तासांची मर्यादा कुणाला लागते? ज्याने वय खरं सांगितलं त्याला. लहान मुलाने पालकांचा नंबर द्यायचा, त्या नंबरवर ओटीपी येतो, तो आला की पालकांची परवानगी मिळाली असं धरलं जातं. तो ओटीपी कोण वाचतं? ज्या मोबाईलवर तो येतो तो मोबाईल त्याच वेळी कुणाच्या हातात असतो? उत्तर तुम्हाला माहीत आहे.

आमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाची आई शाळेत आली होती. वडील गोकुळ शिरगावला कारखान्यात पाळीवर. तिच्या खात्यातून महिनाभर थोडे थोडे पैसे जात होते, कधी शंभराच्या आत, कधी दीडशेच्या वर. तिला वाटलं बँकेची काहीतरी कटिंग असेल. शेवटी कळलं की पोरगा डायमंड घेत होता. मी विचारलं, खेळ घेताना मोबाईलवर काय लिहून आलं होतं ते वाचलं होतं का? ती म्हणाली, “सर, सगळं इंग्लिशमधी असतंय. पोरगाच सांगतो, आई हितं दाब, मी दाबते. त्यालाच कळतंय की त्यातलं.”

या एका वाक्यात सगळा पाठ आहे. ज्याच्यापासून पैसे जपायचे त्यालाच आपण दुभाषी नेमलाय.

प्ले स्टोअरवर प्रत्येक खेळाच्या नावाखाली वयाचा आकडा असतो. ३+, ७+, १२+, १६+, १८+. हा आकडा भारतातल्या कुठल्या मंडळाने ठरवलेला नाही. खेळ बनवणारा जी प्रश्नावली भरतो तिच्यातून तो आपोआप निघतो. गंमत म्हणजे त्याच प्रश्नावलीतून जर्मन माणसाला यूएसकेचा रंगीत शिक्का दिसतो आणि आपल्याला साधा आकडा. सिनेमाला आपल्याकडे मंडळ आहे, आणि आता तिथे यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असे वयाचे टप्पेही आलेत. थिएटरच्या दारात माणूस उभा असतो, तो निदान विचारतो तरी. मोबाईलच्या दारात कुणी नाही.

पण एक कायदा असा आहे, जो माझ्या मते पालकांनी लक्षात ठेवायला हवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना मुख्य तरतुदींच्या तयारीसाठी दीड वर्षाची मुदत आहे. या कायद्यात ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण. त्याची माहिती घेण्याआधी पालकांची खरीखुरी, तपासता येईल अशी संमती लागते. त्याच्या वागण्यावर पाळत ठेवून त्याला उद्देशून जाहिराती दाखवता येत नाहीत. मुलांबाबतचे नियम मोडले तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

आणि भाषेचं काय? संमती मागताना जी सूचना दाखवायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागेल. त्या बावीस भाषांत मराठी आहे. म्हणजे महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला पाटीबाबत जे सांगितलं गेलं, तशीच गोष्ट आता मोबाईलमधल्या दुकानालाही सांगितली गेली आहे. फरक एवढाच, की रस्त्यावरची पाटी मराठीत नसेल तर महापालिकेचा माणूस येऊन बघतो. मोबाईलमधली सूचना मराठीत आहे का हे बघायला तुमच्याशिवाय कुणी येणार नाही. आणि सोय दिली तरी ती वापरली पाहिजे. भाषा निवडायचं बटण कोपऱ्यात असतं आणि ‘मान्य आहे’चं मोठं, रंगीत, मधोमध.

इथे एक काळजी मला वाटते. मराठी येईल, पण कोणती मराठी येईल? सरकारी भाषांतरात ‘डेटा’ला ‘विदा’ म्हणतात. ‘आपल्या वैयक्तिक विदेच्या प्रक्रियेस आपण संमती देत आहात’ असं वाक्य त्या आईसमोर आलं तर ती पुन्हा पोरालाच विचारणार, “अरे विदा म्हंजे काय रं?” आणि त्यालाही ते येणार नाही! इंग्रजीत निदान तो अंदाज तरी बांधत होता. जर्मन शिक्क्यावरच्या त्या दोन-चार साध्या शब्दांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. कंपन्यांना मराठी लिहून द्यायला माणसं लागतील तेव्हा त्यांनी एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत यावं. चौथीची पोरं सोपं करून सांगतात.

पैसे लावून खेळायच्या खेळांबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, बँकेने त्यांचे व्यवहार करणं, सगळ्याला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं त्यांचं नावही गेलं. मुलांनी जर्सी बघून हे ओळखलं, बातमी वाचून नाही. पण लक्षात घ्या, डायमंड, युसी, क्रेट हे या बंदीत येत नाहीत. तिथे पैसे जातात, परत यायचा प्रश्नच नसतो, म्हणून कायद्याच्या भाषेत तो जुगार ठरत नाही. त्या आईचे पैसे या कायद्याने वाचले नसते.

आता कोल्हापुरात बसून हे सगळं वाचताना कुणी म्हणेल, सर, पालकांवर किती टाकायचं? त्यांना कामधंदा आहे. खरं आहे. पण राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा रुपया म्हणजे थोडाथोडका नव्हे. दंड पालकाला होता, पण महाराजांनी गावोगाव शाळाही काढल्या. सक्तीबरोबर सोय. मोबाईलच्या दुकानांबाबत आपण सक्तीचं बोलतो आणि सोय विसरतो. मराठीत समजेल असं लिहून देणं ही सोय आहे.

ती सोय कंपन्यांकडून येईल तेव्हा येईल. तोवर वर्गात करता येईल असा एक उपक्रम देतो. पाचवी ते सातवीला चालतो, एक तासिका पुरते.

फळ्यावर हे शब्द लिहा. टॉप-अप, डायमंड, क्रेट, लकी स्पिन, इन-अ‍ॅप पर्चेस, सबस्क्रिप्शन, ऑटो-रिन्यूअल, परमिशन. मुलांना सांगा, प्रत्येक शब्दाचा अर्थ घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला कळेल असा लिहायचा. शब्दकोशातला नाही, स्वयंपाकघरातला. आमच्या वर्गात आलेली उत्तरं सांगतो. ऑटो-रिन्यूअल म्हणजे ‘आपण विसरलो तरी ते विसरत नाहीत, दर महिन्याला पैसे कापतात’. क्रेट म्हणजे ‘आधी पैसे, मग बघायचं आत काय हाय’. लकी स्पिन म्हणजे ‘जत्रेतलं चक्र’. परमिशन म्हणजे ‘आमच्या घरात डोकवायची परवानगी मागणं’. ही शेवटची व्याख्या करणाऱ्या मुलीला मी पेन बक्षीस दिलं.

मग प्रत्येकाने आपल्या आवडत्या खेळाचं पान घरी मोठ्यांबरोबर उघडायचं आणि चार गोष्टी वहीत उतरवायच्या. वयाचा आकडा किती. त्याखाली कारण काय लिहिलंय. खेळाच्या आत खरेदी आहे का. खेळ कोणकोणत्या परवानग्या मागतो. माझ्या अनुभवाने पहिल्याच प्रश्नाला वर्गात शांतता पसरते, कारण अकरा वर्षांच्या पोराच्या मोबाईलवर १६+ निघतो. तेव्हा ओरडू नका. ‘हा आकडा कुणी ठरवला आणि का ठरवला असेल?’ एवढंच विचारा. तिथून जर्मनीच्या लाल-निळ्या शिक्क्यांची गोष्ट सांगता येते. मिशा काढलेल्या हिटलरपाशी तर वर्ग हमखास जागा होतो.

पालकांसाठी तीन कामं आहेत, आज रात्रीच करा. पहिलं, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करा. प्ले स्टोअरही मराठीत दिसायला लागेल. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होईल, मग सवय होते. दुसरं, प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यात तुमच्या खात्याचं गोल चित्र असतं. ते दाबून सेटिंगमध्ये जा. तिथे पालकांच्या नियंत्रणाची सोय आहे. वयाची मर्यादा निवडा आणि पिन टाका. पिन मुलाची जन्मतारीख ठेवू नका. पोरं पहिल्यांदा तीच टाकून बघतात. तिथेच प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. तिसरं, तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाची यादी असते. ती उघडून बघा. ओळखीचं नसलेलं काही दर महिन्याला पैसे घेत असेल तर ते तिथूनच बंद करता येतं.

फसवणूक करून कुणी पैसे काढले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि मुलाने स्वतः खेळात खर्च केले असतील तर आधी प्ले स्टोअरमधल्या खरेदीच्या नोंदीतून परताव्याची मागणी करा. पहिल्या ४८ तासांत ती करणं सोपं जातं. मागणी करताना मुलाला शेजारी बसवा. अर्ज त्यालाच मराठीत लिहू द्या, आणि सही करण्याआधी तुम्ही तो वाचा.